वितीने मोजलेला बैल

गौतमीचे हात म्हणजे घरादाराला ताप होता. मेथी निवडायला बसवलं की काड्यांची शिडी व्हायची. लग्नाच्या पंगतीत बसवलं तर भात यायच्या आत कागदी पेल्याचं कमळ झालेलं असायचं. ‘हात आवर, गौतमे’ हे तिनं पहिलीपासून इतक्यांदा ऐकलं होतं, की हजेरीपटावर आपलं आडनावच तसं लावलं असेल असं तिला वाटायचं. आणि आता नववीत आल्यावर, काय नवल बघा, मारुंजीच्या शाळेला तिचेच हात हवे होते.

झालं असं, की चित्रकलेच्या साधना मॅडमना मतदार याद्यांच्या कामाला लावलं आणि शुक्रवारचा शेवटचा तास मोकळा पडला. हा तास कागदकामाचा. सहावीपासून दहावीपर्यंत ज्यांना हौस आहे ती सगळी पोरं त्याला एकत्र बसायची. आता मोकळा तास दिसला की गणिताच्या किशोर सरांना कुठून बळ यायचं देव जाणे. ते तडक मुख्याध्यापकांच्या खोलीत गेले. “दहावीची भूमिती फार कच्ची आहे. तो तास मला द्या.”

मॅडम पर्स खांद्याला लावून निघाल्याच होत्या. दारातूनच म्हणाल्या, “गौतमी घेईल की कागदकाम. येतं तिला सगळं.”

मुख्याध्यापकांनी दोघांचंही मन राखलं. पोळ्यापर्यंत तास गौतमीचा. तोवर काही धड करून दाखवलं तर पुढेही कागदकाम, नाहीतर भूमिती.

आता ‘धड’ म्हणजे काय, हे ठरायला फार वेळ लागला नाही, कारण गौतमीचं तोंड तिच्या हातांच्याही पुढे धावायचं.

कोंडिबा आबा तिच्या भावकीतले, राहायला अगदी भिंतीला भिंत लागून. पोळ्याचा मान त्यांच्या घराचा. त्यांचा बैल पुढे आणि सगळी आळी मागे, असं आजोबा-पणजोबांपासून चालत आलेलं. पण जमीन विकली गेली, गोठ्याच्या जागी भाड्याच्या खोल्या उठल्या आणि तिथं आता कंपनीतली पोरं राहत होती. बैल बांधणार कुठं? गेल्या वर्षी रिहे गावच्या पाहुण्यांचा बैल टेम्पोत घालून आणला, तर तो डीजेला असा बिथरला, की एका दुकानाच्या काचेत स्वतःलाच बघून ढुशी द्यायला निघाला. यंदा पाहुण्यांनी फोनवरच हात जोडले.

“मग ट्रॅक्टरच सजवू,” आबा ओट्यावर बसून सुनेला सांगत होते.

“आमी करतो बैल!” भिंतीवरून गौतमीचं डोकं वर आलं. “कागदाचा! शाळेतली सगळी पोरं मिळून!”

आबांनी तिच्याकडं नीट बघून घेतलं. “कागदाचा? पतंग हाय व्हय त्यो?”

“अवो, खराखुरा दिसंल. तुमच्या छातीला लागंल एवढा!”

“दिसंल न्हाई, वाटला पायजे. बैल वाटला तर मान त्याला. न्हाईतर ट्रॅक्टर दारात उभाच हाय.”

दुसऱ्या दिवशी ही गोष्ट शाळेत पोचली, तीही गौतमीच्याच तोंडून. मुख्याध्यापक चष्मा पुसत म्हणाले, “मग ठरलं. आबांनी मान दिला तर तास तुमचा. हा आठवडा रोजचा शेवटचा तास घ्या. नाही दिला तर किशोर सरांचा.” किशोर सर नुसते हसले. त्या हसण्यानं गौतमीला रात्री कूस बदलत ठेवलं.

कामाला सुरुवात मात्र दणक्यात झाली. भाडेकरूंकडं पार्सलच्या खोक्यांना तोटा नव्हता. रद्दी तर पोतंभर आली. त्यात नव्या सोसायट्यांची जाहिरातपत्रकं एवढी, की बैलाच्या पोटात पोहण्याचा तलाव आणि क्लबहाऊस दोन्ही जाणार असं दिसू लागलं. पण तो गुळगुळीत कागद मैद्याची खळ धरेना. गौतमीनं तो सगळा बाजूला काढला.

“साधी रद्दी घ्या. आणि आधी फाडून बघा,” ती बाकावर चढून सांगू लागली. “असा फाडला तर सरळ जातो, बघितलंत? आणि असा फाडला की वाकडातिकडा. म्हणजे कागदाला पण धागा असतो, कापडासारखा. एक थर उभा, एक आडवा, मग ताकद येते. कळलं? खळ दोन्ही बाजूंनी लावा, बोटानं हवा काढा, ए अमोल, बादलीत कोपर घालू नकोस, कळलं का सगळ्यांना?”

ती इतक्या भरभर बोलायची, की मागच्या बाकावरची पोरं पहिल्या वाक्यापाशीच असायची. त्यांना उमगायच्या आत गौतमी त्यांच्यापाशी पोचलेली असायची. “दे इकडं, असं न्हाई, असं!” आणि पट्टी त्यांच्या हातातून तिच्या हातात. एकाची पट्टी, दुसरीची घडी, तिसऱ्याचा बोळा. सहावीतल्या शिरीननं एकदा पट्टी सोडलीच नाही. दोघींनी दोन टोकं ओढली आणि ती मधोमध फाटली.

“ताई, आमाला करू दे की,” शिरीन म्हणाली. “तुला कुटं आमी अडवलंय?”

“अगं, वेळ न्हाईये!”

वेळ खरंच नव्हता. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर खोक्यांचे तुकडे, त्यावर कागद. एवढं धड आणि डोकं नववीनं घेतलं, आणि त्यातच कलेच्या खोलीतली जागा संपली. मग गौतमीनं पायांची वाटणी केली. पुढचा डावा पाय सहावीचा, पुढचा उजवा दहावीचा, मागचे दोन सातवी-आठवीचे. रद्दीची घट्ट गुंडाळी करायची, थरावर थर चढवायचे, खाली खूर काढायचा. आपापल्या वर्गात करा, आपापल्या वर्गात वाळवा.

“लांबी किती ठेवायची?” दहावीच्या दिग्विजयनं विचारलं. तो सहा फुटांना टेकला होता. बाकावर बसला की गुडघे बाकाच्या वर यायचे.

गौतमीनं आपला हात सांगाड्याला लावला, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत ताणला, सरकवत नेला. तिची आई दाराचं तोरण असंच मोजायची, तिनंही कधी वेगळं मोजलं नव्हतं. “पाच विती,” तिनं जाहीर केलं. “सगळ्यांनी लक्षात ठेवा. पाच विती!”

सगळ्यांनी लक्षात ठेवलं.

मग सुरू झाली वाळवणाची धांदल. इकडं पोळा श्रावणात नाही, भाद्रपदाच्या अमावस्येला. आणि भाद्रपदातली हवा म्हणजे ऊन दाखवायचं आणि ढग पाठवायचे. सातवीनं पाय खिडकीत टांगला. आठवीनं शाळेच्या स्वयंपाकखोलीत, खिचडीच्या चुलीशेजारी नेऊन ठेवला. त्याला जिऱ्याच्या फोडणीचा वास लागला. सहावीची पोरं पाळीपाळीनं वहीनं वारा घालत बसली. दहावीचा पाय त्यांच्या वर्गात फळ्यामागे उभा. गौतमी मधल्या सुट्टीत वर-खाली धावायची, प्रत्येक पाय चाचपून बघायची. वरून कोरडा लागला की जीव खाली पडायचा, जिना उतरला की पुन्हा वर यायचा. इतिहासाच्या तासाला तिचं बोट बाकावर टकटक करत राहायचं. घरी जेवताना ती मध्येच उठून आकाश बघून यायची.

“पोळा बैलाचा हाय का तुजा?” आई म्हणाली.

गुरुवारी चारही पाय खाली आले. प्रत्येक वर्ग आपला पाय मिरवतच घेऊन आला. सहावीनं खुराला काळा रंग देऊन वर चांदीच्या कागदाचा तोडा चढवला होता. धड उलटं केलं, खोबणीत पाय बसवले, सुतळीनं आवळले. सहा जणांनी मिळून बैल सुलटा केला आणि सोडला.

बैल पुढच्या उजव्या पायावरून डावीकडे असा कलंडला, की अमोलनं त्याच्या पोटाखाली पाठ घातली म्हणून वाचला.

दुसऱ्यांदा उभा केला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा खाली विटा लावल्या, तर विटांवरून घसरला.

“याला पोलिओ झालाय,” कुणीतरी मागून बोललं आणि आठवी खो खो हसली.

दारात किशोर सर उभे होते. हात पाठीमागे, चेहरा गंभीर, पण मिशीचं टोक हलत होतं. “मोजमाप कुणी केलं?”

“मोजूनच केलंय सर!” गौतमी फणकारली. “पाच विती. सगळ्यांना एकच सांगितलं होतं. यांनीच कुठंतरी...”

“आमी पाचच घेतल्या,” दिग्विजय म्हणाला.

“आमी पण पाचच,” शिरीन म्हणाली.

घंटा झाली. सर मिशीवरून बोट फिरवत निघून गेले, ते जास्तच झोंबलं. पोळा शनिवारी. मधे उरला एकच दिवस. नव्यानं पाय करायचा तर वाळणार कधी? त्या रात्री गौतमीच्या डोक्यात एकच विचार फिरत राहिला. सगळं बिघडलंय ते त्या लांबलचक पायामुळं. तो एक कापला की झालं.

शुक्रवारी मधल्या सुट्टीत ती शिपाईमामांची करवत मागून आणायला गेली. “कशाला?” “कामाला.” पोरं डबे खात होती. कलेच्या खोलीत ती एकटी. कुणाला विचारावं असं तिच्या मनात आलं होतं, नाही असं नाही. पण विचारायचं म्हणजे दिग्विजय नाही म्हणणार, मग वाद, मग वेळ. तिनं सुतळी सोडली, पाय आडवा घातला, त्यावर गुडघा रोवला आणि करवत चालवली.

दोन-चार फेऱ्या झाल्या आणि करवत अडकली. आतून ओला लगदा दात धरून बसला होता. पाय बाहेरून टणक, आत शिळ्या भाकरीच्या काल्यासारखा. दहावीच्या पोरांनी थरही तसे चढवले होते, दणदणीत. वाळणार कुठून? गौतमीनं जोर लावला. गुडघ्याखाली काहीतरी कर्र वाजलं. पाय बरोबर मध्यावर मोडला, आणि करवतीनं ओढलेले थर खुरापाशी लोंबू लागले.

ती उठून उभी राहिली. करवत हातातच. आणि दारात दिग्विजय.

तो आत आला, वाकला, पाय उचलून मांडीवर घेतला. लोंबणारे थर बोटानं दाबून बघितले. मागून बाकीची पोरं आली, ती डबे हातात धरून दारातच थांबली. सारखी वळवळणारी ती खोली अशी थिजलेली गौतमीनं कधी बघितली नव्हती.

“इचारलंस?” दिग्विजय म्हणाला.

“मला वाटलं...”

“इचारलंस का, एवढंच सांग. चार दिस आमी खळीत हात घालून बसलोय. संत्या क्लास बुडवून बसला. तुला वाटलं आन् तू कापला.”

“तुमचाच लांब झाला होता! मी पाच विती सांगितल्या होत्या!”

“पाचच हायेत!”

“ताई,” शिरीन मधे घुसली. तिनं दिग्विजयचा हात धरून उघडा केला, स्वतःचा हात पसरून त्याच्यावर ठेवला. तिची करंगळी कशीबशी त्याच्या मधल्या पेरापर्यंत पोचली. “पाच विती म्हणालीस. कुणाच्या, ते तू सांगितलंसच न्हाई.”

गौतमी त्या दोन हातांकडं बघत राहिली. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. शिकवताना ती किती बोलली होती! खळीवर बोलली, धाग्यावर बोलली, बादलीतल्या कोपरावरसुद्धा बोलली. आणि जे सांगायला हवं होतं ते राहून गेलं होतं.

“चुकलं,” ती म्हणाली. “माझंच चुकलं. मोजण्यात पण आणि... हे पण.” करवत तिनं बाकावर ठेवली. “आता काय करायचं, मला माहीत न्हाई.”

ही तिच्या तोंडून पहिल्यांदाच आलेली गोष्ट. पोरं एकमेकांकडं बघू लागली. ताईला माहीत नाही म्हणजे आता आपल्याला विचार करावा लागणार, असं काहीसं त्यांच्या चेहऱ्यांवर आलं.

दिग्विजय खाली मान घालून पाय सरळ करायच्या मागे होता. सरळ केला की तो पुन्हा दुमडायचा. आतला ओला कागद लवत होता, वरचं कवच भेगाळलं होतं. दुमडला, सरळ केला, दुमडला. मग त्याचा हात थांबला. त्यानं पाय दुमडलेलाच ठेवला आणि हवेत धरला.

“ए,” तो म्हणाला, “रिह्यात मामाचा पाखऱ्या बैल असाच उभा ऱ्हातो. झूल चढवली, लोकं जमली, की त्याला दम निघत न्हाई. पुढचा पाय उचलतो न् माती उकरतो.”

“मग उचललेलाच ठेवू!” गौतमी एकदम पुढे झाली, हात पायापर्यंत पोचलेसुद्धा. दिग्विजयनं नुसतं बघितलं. तिनं हात मागे घेतले, खाली बसली आणि ते मांडीखाली दाबून टाकले. असं बसणं म्हणजे तिला शिक्षाच होती. बोटं मांडीखाली चुळबुळत होती, आणि समोर दहावीची पोरं तिच्यापेक्षा सावकाश, तिच्यापेक्षा ओबडधोबड, मोडलेल्या जागी कापडाच्या पट्ट्या गुंडाळत होती.

“पण मग बैल तीन पायांवर,” अमोल म्हणाला. “चारावर पडला, तीनावर काय राहतोय?”

“तीनावरच राहील.” दारातून आवाज आला. किशोर सर आत आले ते शर्टाच्या बाह्या सारतच. “चार पायांचं टेबल डुगडुगतं, तिवई कधी डुगडुगते का? तीन टोकं कशीही असू देत, जमिनीला टेकतातच.” त्यांनी खडू काढला, फरशीवर त्रिकोण काढला. “फक्त वजन या त्रिकोणाच्या आत पडलं पाहिजे. तुमच्या बैलाचं डोकं जड आहे, आणि उजवीकडे आता आधार नाही. म्हणजे?”

“म्हणजे डोकं डावीकडं वळवायचं!” शिरीन ओरडली.

“आणि?”

“मागं वजन. पोटात वाळू घालू सर, शेपटीपाशी!”

सर खडू धरून गुडघ्यावर बसले ते शाळा सुटली तरी उठले नाहीत. त्यांची पँट पांढरी झाली. मान कापून डावीकडे वळवली, तेव्हा “हळू, कोन बघ, कोन!” असं तेच सगळ्यांत मोठ्यानं ओरडत होते. सहावीचा पाय आखूड, मागचे दोन त्याहून लांब, म्हणून बैलाचं डोकं आपोआप खाली गेलं आणि मागचा पुठ्ठा वर राहिला. वाळूची पिशवी पोटात सरकवली. सगळ्यांनी श्वास धरून हात सोडले.

बैल उभा राहिला.

गौतमी दोन पावलं मागं सरून बघू लागली. बैलच होता तो, पण चुकीचा. तिनं कल्पना केलेला बैल चार पायांवर रुबाबात उभा, नाकासमोर बघणारा, कॅलेंडरवरचा. हा वाकडा, तिरका, एका डोळ्यानं दाराकडं बघणारा. आबा म्हणणार, लंगडा हाय. मग शुक्रवार गेलाच.

शनिवारी दुपारी बैलाला टेम्पोनं आळीत आणलं. आबांच्या दारात ट्रॅक्टर धुऊन, फुगे लावून तयार. आळीतली माणसं, भाडेकरू पोरं मोबाईल काढून, हलगीवाले. बैल उतरवला, तीन खूर सिमेंटच्या रस्त्यावर टेकले. अंगावर शिंगांपासून शेपटीपर्यंत रंगीत कागदाचे गोंडे. आबा ओट्यावरून उतरले. काठी टेकत ते बैलाभोवती फिरू लागले.

गौतमीला धीर निघेना. या पायावरून त्या पायावर होत ती ओठ चावत होती. समजावून सांगायला शंभर वाक्यं जमली होती घशाशी.

“तीनच टेकल्यात,” आबा म्हणाले.

शिरीननं गौतमीचं मनगट घट्ट धरलं.

आबा पुढे आले. बैलाच्या खाली घातलेल्या डोक्यासमोर, उचललेल्या पायासमोर. तेवढ्यात हलगी कडाडली. आणि आबांचा डावा हात झटकन आडवा गेला, शेजारी उभ्या असलेल्या नातीला त्यांनी मागं लोटलं. “मागं व्हा गं! उकरतोय त्यो!”

बोलून गेल्यावर त्यांचं त्यांनाच कळलं. आळी हसली, आबाही हसले, पण नातीवरचा हात काही त्यांनी लगेच काढला नाही.

“ट्रॅक्टर ठेव मागं,” ते मुलाला म्हणाले. मग पोरांकडं वळले. “आन् ह्याला एका दोरावर धरू नगा. दोन्ही अंगांनी धरा. असला बैल एकट्याला ऐकत न्हाई.”

एकच कल्ला उठला. सहावीची पोरं डाव्या दोराला लोंबकळली, किशोर सर कुणाला तरी सांगत होते की कोन आपण काढला. बैलाखाली पाट सरकवून त्याला हातगाडीवर घेतलं, हलगी पुढे निघाली. गौतमी उजव्या दोराला धावली, तर तिथं आधीच दिग्विजय उभा.

“तास ऱ्हायला तुजा,” तो म्हणाला. चेहरा अजून तसाच होता. “पन तू माजा पाय कापलास, त्ये काय मी इसरलो न्हाई.”

“मी पण न्हाई इसरले.” तिनं दोराचं मागचं टोक धरलं. “पुढच्या शुक्रवारी तू शिकव. मी सहावीत बसते.”

“तू? आन् गप बसशील?”

“बघू,” गौतमी म्हणाली, आणि दोर हिसका देऊन पुढे सरकला.